घंटा उंदराच्या पोटात

पेन गडगडत सोफ्याखाली गेलं, म्हणून भर दुपारी मी पट्टी घेऊन फरशीवर पालथी पडले. पेन काही आलं नाही. आला एक उंदीर. मग दुसरा, शेपूट तुटलेला. मग केसांचं रबर, बाटलीचं झाकण, पुन्हा केसांचं रबर, पिसं झडलेली एक काडी, आणि ज्याच्यासाठी मी सहा महिने वॉशिंग मशीनला दोष देत होते तो मोजा. मोजले तेव्हा उंदीर अकरा भरले. घरात मांजरं दोन.

चिंगी आणि बोका शेजारी येऊन बसले होते, पंचनाम्याला आल्यासारखे. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ती हीच.

हे अकराही उंदीर मी विकत आणलेत, पूर्ण शुद्धीत. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार यावर उंदरांची सभा बहुधा अजून चालूच असेल. इकडे खेळणी बनवणाऱ्यांनी परस्पर निकाल लावून घंटा उंदराच्याच पोटात घातली. नवा उंदीर आला की चिंगी त्याला हवेत उडवते, पुढच्या पायांत कवटाळून मागच्या पायांनी लाथा झाडते, तोंडात धरून घरभर मिरवते. तिसऱ्या दिवशी तो सोफ्याखाली, आणि चिंगी माझ्या केसांच्या रबरामागे.

एका खेळण्याला कंटाळलेल्या मांजरांसमोर जरा निराळं खेळणं टाकलं की ती पुन्हा तुटून पडतात, असं इंग्लंडमधल्या संशोधकांना २००२ साली दिसून आलं. हे वाचून मला केवढं बरं वाटलं! म्हणजे मी उधळी नाही, शास्त्रशुद्ध वागते. (त्याचा साधा अर्थ असा की खेळणी आलटून पालटून काढावीत, निम्मी खणात ठेवावीत. पण सोयीचा अर्थ आधी सुचतो त्याला मी काय करणार.)

लेझरचा ठिपका फिरवून मांजराला व्यायाम देण्याच्या पद्धतीला तर अमेरिकेत पेटंट मिळालं होतं, १९९५ साली. लोळत पडून मनगट हलवणं हाही कुणाचा तरी शोध! आम्हीही तो लेझर आणला. बोका भिंतीवर चढायचा बाकी राहिला होता. पण बटण सोडलं, ठिपका गेला, आणि तो आपला पंजा उचलून खाली बघायला लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. आत्ता तर पकडलं होतं! ते काही मला बघवेना. लेझर खणात गेला तो गेलाच.

दोऱ्याचं मात्र मला वेडच लागलंय. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे दोरा एकदा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आत आत सरकत जातो; आतड्यात अडकला तर बऱ्याचदा पोट उघडूनच काढावा लागतो. हे कळल्यापासून मी जमिनीवर दिसेल तो दोरा उचलते. दुसऱ्यांच्या घरीसुद्धा. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांच्याही घरी. घरी आले की खिशातून गुंता निघतो.

आणि लहानपणी आम्ही काय करायचो? दोराच ओढायचो मनीपुढे. मनी आमची म्हणजे तिच्या सोयीनं आमची. दिवसभर आजीच्या शिलाई मशीनखाली झोपायची, तिन्हीसांजेला उठून पाठीची कमान करायची आणि अर्ध्या उघड्या दारातून चालती व्हायची. तिच्यासाठी कुणी काही विकत आणल्याचं मला आठवत नाही. मी एकदा मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू शिवला होता. बोटाला दोनदा सुई टोचून घेऊन. मनीनं त्याचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि निघाली बाहेर. मी भोकाड पसरलं तेव्हा आजी मशीन थांबवून म्हणाली, "अगं, तिला कशाला हवाय चेंडू? अख्खी रात्र पडलीय तिच्यापुढे."

सकाळी यायची ती कधी कान फाटलेला, कधी पाय लंगडता. एका सकाळी आली नाही. दार त्यानंतर कितीतरी दिवस अर्धं उघडं होतं. चेंडूचं काय झालं ते आठवत नाही.

या दोघांनी दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. पण तिन्हीसांज त्यांना बरोबर कळते, घड्याळ न बघता. आजही उन्हं उतरली तशी दोघं खिडकीत जाऊन बसली. पलीकडे तारेवर पाखरं होती. चिंगीचा जबडा थरथरायला लागला आणि तो बारीक कचकच आवाज सुरू झाला, काचेतून पाखरू दिसलं की येतो तो. शेपटीचं नुसतं टोक हलत होतं.

मी खिडकीची कडी पाहिली. लागलेली होती. तरी पुन्हा दाबून पाहिली.

मग त्या अकरातला एक उंदीर घेतला, खुळखुळ वाजवला आणि दिला भिरकावून. तो सरळ सोफ्याखाली गेला.