लूप लॉग: फ्लो १९० वरून ११० वर का आला

मंडळी, हा माझ्या पाण्याने थंड होणाऱ्या पीसीचा लॉग. पंप कूलंट (थंड ठेवणारं द्रव) नळ्यांतून गोल फिरवतो, तो फेरा म्हणजे लूप; ब्लॉक चिपवर बसून तिची उष्णता पाण्याला देतात, रेडिएटर ती हवेत सोडतात. बिल्ड तोच आहे. प्रोसेसर (सीपीयू) रायझन ७ ५८००एक्स, ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) आरटीएक्स ३०८०, वरच्या बाजूला ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, पुढे २४० चा, डी५ पंप आणि त्यालाच जोडलेला रिझर्व्हॉयर (कूलंटची टाकी). दोन्ही ब्लॉक निकेल प्लेटिंगवाले, नळ्या सॉफ्ट पीव्हीसीच्या. मशीन पुण्यात, रस्त्याकडेच्या खोलीत, समोर टॉवरचं बांधकाम. धुळीबद्दल वेगळं सांगायला नको.

मागच्या नोंदीत फ्लो (पाण्याचा प्रवाह) मोजणारा सेन्सर ताशी १९० लिटर दाखवत होता. पंपाच्या वेगाला (आरपीएम) हात लावला नाही, तरी आकडा हळूहळू उतरत ११० वर आला. एका रात्रीत पडला असता तर नळी कुठेतरी दुमडली असेल म्हटलं असतं. असा सावकाश उतरतो तेव्हा आत काहीतरी साचत असतं.

लूप किती महिन्यांनी उघडायचा, असं सगळेच विचारतात. कूलंटच्या बाटलीवर मुदत लिहिलेली असते आणि ती पाळावीच. पण त्याआधी लूप स्वतःच तीन आकड्यांत बोलत असतो. पाणी खोलीपेक्षा किती गरम आहे, हा पहिला. हा वाढला तर रेडिएटर आणि पंखे बघा, बहुतेक वेळा धूळच निघते. जीपीयूचा कोअर (मुख्य चिप) पाण्यापेक्षा किती गरम आहे, हा दुसरा. तो वाढला तर चिप आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट किंवा ब्लॉक. तिसरा फ्लो. नुसतं सीपीयूचं तापमान बघून काही कळत नाही, त्यातून ५८००एक्सचं तर मुळीच नाही. बहुतेक उष्णता जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या एका चिपलेटमधून (प्रोसेसरमधल्या छोट्या चिपमधून) बाहेर पडते, त्यामुळे ब्राउझर उघडला तरी काटा उडी मारतो. बघायचंच असेल तर लांब रेंडर (सीपीयूला सतत राबवणारं काम) लावून सरासरी घ्या.

माझे आकडे, पूर्ण लोडवर: पाणी खोलीपेक्षा ११ अंश वर, म्हणजे पूर्वीइतकंच. जीपीयू पाण्यापेक्षा १७ अंश वर, पूर्वी १३ होता. सीपीयूची सरासरी ५ अंशांनी चढलेली. पंपाचे आरपीएम जिथल्या तिथे. म्हणजे रेडिएटर निर्दोष, पंपही निर्दोष, अडथळा ब्लॉकमध्ये.

११० म्हणजे काही आणीबाणी नव्हे, हेही सांगून टाकतो. हे दोन्ही भाग मिळून साधारण ४६० वॉट खातात. ताशी १९० लिटरला पाणी एका फेरीत सुमारे २ अंश तापतं, ११० ला साडेतीन. फरक एवढाच. याच कारणाने लूपमध्ये आधी सीपीयू की आधी जीपीयू, यावरून चालणारे वाद मला निरर्थक वाटतात. नळी जवळ पडेल तसं जोडा. मला चिंता आकड्याची नव्हती, तो थांबत नव्हता याची होती.

लूप रिकामा करायला नवं काही नाही. सर्वांत खालचा ड्रेन व्हॉल्व्ह, खाली परात, रिझर्व्हॉयरचं झाकण सैल करून हवा आत, मग केस इकडे-तिकडे कलती. भरताना पारदर्शक असलेलं कूलंट किंचित दुधाळ होऊन आलं. नळ्या आतून धुरकट.

सीपीयू ब्लॉक उघडला. यात पाणी एका फटीतून पातळ जेट प्लेटमार्फत धातूच्या बारीक पंखांवर (उभ्या पातळ पट्ट्या, फिन्स) आपटतं, आणि पंखांमधल्या खाचा मिलिमीटरच्या अंशाएवढ्या. त्यामुळे लूपमधला प्रत्येक कण शेवटी इथेच अडकतो, हा ब्लॉक न सांगता फिल्टरचं काम करतो. प्लेटखाली मधोमध पांढरट, मेणचट थर होता.

असं काही दिसलं की आधी ओळख पटवा. शेवाळ बुळबुळीत, हिरवं किंवा तपकिरी असतं आणि बहुधा वास येतो. तांब्याचं गंजणं हिरवट-निळं. पांढरा, चिकट, नुसत्या पाण्याने न सुटणारा आणि भांड्यांच्या साबणाने सुटणारा थर हा प्लास्टिसायझरचा. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात मऊ करणारं द्रव्य घालतात तेव्हा त्याची वाकणारी नळी होते. तेच द्रव्य कोमट कूलंटमध्ये हळूहळू उतरतं, म्हणून नळी धुरकट होते आणि ब्लॉक तुंबतो. उष्णता जितकी जास्त तितका वेग जास्त. युरोपातले लोक २०-२२ अंशांच्या खोलीत बसून पीव्हीसी वर्षानुवर्षं टिकतं म्हणतात, ते त्यांच्यापुरतं खरंही असेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ३७ ची, त्यावर ११ मिळवा, पाणी ४८ वर. बायोसाइड (शेवाळ-जंतू मारणारं औषध) कितीही ओता, हा थर थांबत नाही, कारण तो सजीव नाहीच.

आता साफसफाई. तांबं-पितळ म्हटलं की आपला हात चिंचेकडे नाहीतर पितांबरीकडे जातो. इथे दोन्ही बाद. वर निकेलचा अगदी पातळ मुलामा आहे, आम्ल आणि खरखरीत पावडर दोन्ही त्याला नकोत. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. ब्रश पंखांच्या दिशेनेच फिरवा, आडवा नको. मग साबणाचा अंशही राहणार नाही इतकं धुवा आणि शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल फक्त धातूवरची पेस्ट काढायला. ॲक्रिलिकच्या टॉपला त्याचा थेंबही लागू देऊ नका, स्क्रूच्या भोकांभोवती ताण असतो आणि तिथूनच बारीक तडे जातात. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) चपटी झाली नसेल तर तीच चालते, सिलिकॉन ग्रीसचं बोट पुरे. व्हॅसलीन नको, तिचं ईपीडीएम हे कृत्रिम रबर पेट्रोलियमने फुगतं. उघडण्याआधी जेट प्लेटचा फोटो काढून ठेवा, उलटी बसली तर पुन्हा सगळं काढावं लागतं. जीपीयू ब्लॉकमध्ये थर कमी होता. तिथे थर्मल पॅड (उष्णता ब्लॉककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) नवे घातले, जुन्याच जाडीचे. जाडी चुकली तर कोअरवरचा दाबच सुटतो.

नवी नळी काळी ईपीडीएमची, बाहेरून १६ आणि आतून १० मिलिमीटर. फिटिंग आधीच १६/१० ची होती, त्यामुळे खर्च फक्त नळीचा. दिसायला बाग-कामाची वाटते, मान्य. आतला बुडबुडाही दिसत नाही, सगळा शो रिझर्व्हॉयरपुरता उरला. मला चालतं.

गळती हवेने तपासली. हातपंपाने अर्धा बार दाब भरला आणि काटा बघत बसलो. पहिल्यांदा तो खाली सरकला, ड्रेन व्हॉल्व्हजवळची रिंग खाचेबाहेर आली होती. बसवली, पुन्हा भरला, काटा हलला नाही. पाण्याने शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं, निदान ग्राफिक्स कार्डवर टॉवेल गुंडाळावा लागत नाही.

भरताना मदरबोर्डची २४ पिनची केबल काढून तिच्यातली हिरवी तार जवळच्या काळीला जम्परने जोडली, म्हणजे बोर्डशिवायच पॉवर सप्लाय सुरू होतो, आणि बाकी सगळ्या केबल काढल्या, म्हणजे वीज फक्त पंपाला. रिझर्व्हॉयर भरायचा, पंप दोन सेकंद, बंद, परत भरायचा. डी५ कोरडा फिरवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी असतं. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं रंगहीन कॉन्सन्ट्रेट आहे. दुधी पेस्टल रंग सुंदर दिसतात, पण त्यात तरंगणारे कण असतात, आणि ते कुठे जाऊन बसतात ते वर आलंच आहे. घरच्या आरओचं पाणी चालेल का, असंही एकाने विचारलं होतं. नाही. आमच्या आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६५ येतो, डिस्टिल्डचा शून्य-एक.

पावसाळ्यात नळ्यांवर दव धरेल का, हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, त्यामुळे नाही. लोडशेडिंगचीही भीती नको, पंप थांबतो तेव्हा उष्णता तयार होणंही थांबलेलं असतं.

आकडे: फ्लो १९५. जीपीयू पाण्यापेक्षा १२ वर. सीपीयूची सरासरी जुन्या जागी, कदाचित एखाद अंश खालीच. पाणी आणि खोलीतला फरक ११ चा ११. तो बदलला नाही आणि बदलायलाही नको होता, रेडिएटर तेच, पंखे तेच, वेग तोच. सर्व्हिसिंगनंतर पाणी ५ अंशांनी थंड झालं असं कोणी सांगत असेल, तर बहुधा त्याने जाळ्यांतली धूळही त्याच दिवशी काढलेली असते.

बाकी आहे ते पंख्यांचं. ते अजून सीपीयूच्या तापमानावर चालतात आणि दर मिनिटाला घोंघावतात. पाण्यातला १०के तापमान सेन्सर मदरबोर्डच्या हेडरला (पिनांच्या जोडणीला) जोडून पंख्यांचा कर्व्ह (तापमानानुसार वेग) त्याच्यावर न्यायचा आहे: ४० पर्यंत शांत, ५० ला पूर्ण वेग. डी५ ला ६० पर्यंतचं पाणी चालतं, पण तिथपर्यंत न्यायचं कशाला. शिवाय जुन्या पीव्हीसीचा एक तुकडा आणि नव्या ईपीडीएमचा एक, असे दोन्ही ताज्या कूलंटच्या वेगवेगळ्या बरण्यांत घालून राउटरच्या वरच्या फळीवर ठेवलेत, तिथे कायम उबदार असतं. खोली ३७ च्या पुढे गेली की मे महिन्यात बरण्यांचे फोटो आणि नवे आकडे एकदमच टाकतो.