नाव विचारायचं राहिलं

पुण्याचा मुक्काम आटोपून माऊलींची पालखी सासवडकडे निघते, तो टप्पा दमवणारा. हडपसर मागे पडलं, वडकीनाल्याला विसावा झाला, पुढ्यात दिवे घाट. रस्त्याकडेला टेबल मांडून बिस्किटाचे पुडे वाटत होते. रांगेत माझ्यापुढे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा. पाठीवर त्याच्याहून मोठं पोतं, त्यात आम्हीच टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या. एका पायात निळी चप्पल, दुसरा अनवाणी, अंगठ्याला चिंधी बांधलेली.

वाटणाऱ्या दादांनी त्याला हातानंच बाजूला केलं. "वारकऱ्यांसाठी आहे हे. सरक." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या माऊली," आणि वाकून पायाला हात लावला. मी पुडा घेतला. त्या मुलाच्या मोकळ्या झालेल्या जागेवर उभी राहूनच घेतला.

घाट चढताना हातात टाळ होता, तोंडी ज्ञानोबा-तुकाराम, पण मन लागेना. वारीत कडेवरचं पोर माऊली, ऐंशीची आजीही माऊली. चुकून कुणाचा धक्का लागला तरी आपण 'माऊली' म्हणतो. त्या मुलाला दिवसभरात कुणी तसं हाक मारली असेल? ते दादा काही वाईट नव्हते, पहाटेपासून उभे राहून वाटत होते बिचारे. त्यांना पोतं दिसलं, मूल दिसलं नाही. मलाही नाहीच.

सासवडला कऱ्हेकाठी सोपानकाकांच्या समाधीला गेले. काका म्हणतो आपण त्यांना. पण आईबाप गेल्यावर, संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांतले ते एक. आळंदीची दारं त्यांना बंद होती. थोरल्या भावाच्या पादुका रथात ठेवून आम्ही आळंदीहून चालत आलो होतो, आणि वाटेत मी काय केलं होतं? समाधीसमोर मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशीही मुक्काम सासवडलाच. सकाळी तंबूंमागे, पत्रावळींच्या ढिगाशी तो पुन्हा दिसला. आमच्या दिंडीतले एक जुने वारकरी म्हणाले, "असली पोरं दरवर्षी असत्यात ताई, वारीमागनं येत्यात." दरवर्षी असतात आणि दरवर्षी आपण बघून पुढे जातो, याचाच मला संताप येतो.

मी शाळेत शिकवते. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर वर्गाकडून पाठ करून घेतलाय. निराधार मूल आढळलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं, हे 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे, तेही ठाऊक. स्वतः तो नंबर लावला मात्र त्या सकाळी पहिल्यांदा.

पलीकडच्या ताईंनी ठिकाण विचारलं, अंदाजे वय विचारलं. मी सांगितलं.

"नाव काय त्याचं?"

मी वळून पाहिलं. ढिगापाशी कुणी नव्हतं. एका पायात निळी चप्पल आणि अंगठ्याला चिंधी, एवढंच मला सांगता आलं.