हात पोचत नव्हता म्हणून तेल बदललंच नाही

माझं काम ट्रॅक्टर, जेसीबी आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनचं, गॅरेज पैठण रोडला. त्यामुळं शिडाच्या बोटीचं इंजिन बघायला या असा फोन आला तेव्हा कुठं यायचं ते मी परत विचारून घेतलं. बोट शेतातच होती. पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली, शेजारी कडब्याची गंजी. मालक जहाजावरच्या नोकरीतून रिटायर झालेले, मूळचे इकडचेच. मुंबईला जुनी चोवीस फुटी बोट घेतली, तिकडं यार्डाचं भाडं परवडेना म्हणून पावसाळ्यापुरती ट्रेलरवर टाकून गावी आणली, दिवाळीनंतर परत कोकणात समुद्रावर न्यायची. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, एवढा जवळ असून तिथं सोडायचा विचार त्यांनी केला नाही हे मला आवडलं. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि संभाजीनगर-जालन्याला प्यायचं पाणी तिथूनच जातं, आणि या बोटीच्या तळाला तेव्हा काळं तेल साचलेलं होतं.

इंजिन म्हणाल तर सिंगल सिलिंडर डिझेल, नऊ हॉर्सपॉवर, तेल मावतं सव्वा लिटरच्या आसपास. आमच्या हिशोबात हे खेळणं. पण बसवलंय कुठं तर आत उतरायच्या पायऱ्यांच्या मागं, तीन बाजूंनी प्लायवूड आणि वर बसायची जागा. पायऱ्या काढल्या की बेल्ट, पुली आणि पंपाचं तोंड दिसतं, बास. तेल सोडायचा ड्रेन प्लग तेलाच्या चेंबरच्या खाली, त्याच्या आणि बोटीच्या तळाच्या मध्ये तीन बोटंही जात नाहीत. ऑइल फिल्टर उजव्या अंगाला आडवा, आणि त्या अंगाला झोपायच्या कप्प्याचं पार्टिशन. आमच्या गॅरेजातलं बारीक हाताचं पोरगं घातलं तर त्याची बोटं फिल्टरला नुसती लागली, फिरवायला जोर येईना.

डिपस्टिक काढून बघितली, तेल डांबरासारखं. मालकांना विचारलं शेवटचं कधी बदललं. म्हणाले, "मिस्तरी, तेल तर दर सीझनला टाकत आलोय की." मी म्हणलो, "टाकलं साहेब, पण काढलं कधी?" तेव्हा ते गप्प झाले. बोटीबरोबर जुनी बिलं होती त्यात सगळीकडं सर्व्हिसिंग लिहिलेलं, फिल्टरचा खर्च एकातही नाही. म्हणजे आधीच्या मिस्तरींनी वरून तेल ओतलं, पैसे घेतले आणि गेले. मला याचा लई राग येतो. हात जात नाही तर जात नाही म्हणून मालकाला सांगा ना, सर्व्हिसिंग काहून लिहिता?

आपल्या विहिरीवरच्या जुन्या लिस्टर टाइप इंजिनाला क्रँककेसला बाजूनं दार असायचं. चार नट काढले की आख्खा हात आत, फडक्यानं चेंबर पुसून काढायचा. शेतकरी स्वतः करायचे, मिस्तरीची वाट कोण बघतंय. इथं बोट बनवणाऱ्यांनी गादी इंच-इंच मोजून बसवली आणि इंजिनाला हात कुठून लागणार हे कुणी बघितलंच नाही.

तेल काढायला आधी इंजिन गरम पाहिजे, गार तेल जाड असतं आणि काजळी खालीच बसून राहते. पण हे इंजिन बाहेरून ओढलेल्या पाण्यावर थंड होतं, आणि जमिनीवर पाणी कुठलं? पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, कोरडा फिरला की मिनिटभरात पाकळ्या जातात. म्हणून दोनशे लिटरचा ड्रम शिडीजवळ ठेवला, पाण्याचा इनलेट पाइप त्यात सोडला आणि मग चालू केलं. गरम झाल्यावर डिपस्टिकच्या नळीतून हातपंपानं तेल ओढलं. या पद्धतीनं तळाचा गाळ येत नाही, आणि मला तोच पाहिजे होता.

मग मी म्हणलो पार्टिशन कापू. मालक तयार होईनात. बोटीत कुठलीही भिंत कापायची नसते, ती बोटीला आकार धरून ठेवते असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आम्ही कडेकडेनं बॅटरी फिरवून बघितलं. जी भिंत भार घेते ती बोटीच्या अंगाला फायबरच्या पट्टीनं चिकटवलेली असते, ही नुसती लाकडी पट्टीवर स्क्रूनं मारलेली होती आणि वरून फळी बसवल्यामुळं अख्खी निघत नव्हती. आधी बारीक भोक पाडून मागं वायर, डिझेलची नळी नाही याची खात्री केली आणि मगच सुताराला हात लावू दिला. कोपरे गोल कापायला लावले, चौकोनी कोपऱ्यातूनच चीर जाते. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी पितात म्हणून त्यांना इपॉक्सी पाजलं. झाकणाला मरीन प्लाय, ७१० नंबरचा, भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा, कडेनं रबर, कारण पलीकडं माणूस झोपणार आणि इंजिनचा धूर तिकडं जायला नको.

झाकण बसायच्या आधी मोबाइल आत घालून व्हिडिओ काढला आणि तो बघून आम्ही सगळेच थांबलो. पाण्याच्या पंपाच्या शाफ्टचं सील गळत होतं, समुद्रात थेंब थेंब खारं पाणी बरोबर पुढच्या माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या पायावर पडत आलेलं. नट बोटानं दाबला तर पापुद्रे निघाले. समुद्रात ते माउंटिंग सुटलं असतं तर बोटीच्या पंख्याच्या शाफ्टची लाइन गेली असती, आणि तो शाफ्ट बोटीच्या बाहेर जातो तिथलं पॅकिंग गळायला लागलं की पाणी सरळ आत. तेल बदलायला म्हणून गेलो नसतो तर हे दिसलंच नसतं. माझ्या डोक्यातून हे जात नाही अजून.

ड्रेन प्लग काढायला पाना कापून, गॅसवर तापवून वाकवावा लागला. प्लगच्या जागी बँजो फिटिंग, म्हणजे पोकळ बोल्टातून तेल आडवं बाहेर काढणारा जोड, आणि होज लावायचा होता. आटे पिच गेजनं मोजले, अंदाजानं फिटिंग आणलं असतं तर चेंबर वाया गेला असता. होज वाळूजला जेसीबीचे होज क्रिम्प करणाऱ्याकडून करून घेतला, गरम तेल सोसणारा. त्याचं तोंड पितळी प्लगनं बंद करून तेलाच्या लेव्हलच्या वर क्लिपनं बांधलं, म्हणजे प्लग पडला तरी तेल सांडत नाही. आता हातपंप त्या होजला लावायचा आणि तळापासून सगळं ओढायचं. पहिल्या ओढीत जो गाळ आला तो मी मालकांना बोटावर घेऊन दाखवला.

फिल्टरवरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. त्यांना तो नळ्या टाकून लांब, पायऱ्यांजवळ आणायचाय, मुंबईत तसा किट मिळतो म्हणतात. मी नको म्हणलो. त्या नळ्यांत चालू इंजिनचं प्रेशर असतं, एक जरी घासून फुटली तर सव्वा लिटर तेल बाहेर यायला किती वेळ लागतो? आणि बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा ऑटोमॅटिक पंप तेच तेल समुद्रात फेकणार. आता झाकण उघडलं की हात पोचतोच, वर्षातून एकदा आडवा फिल्टर काढायचा, खाली पत्र्याचा ट्रे सरकवायचा, नव्याच्या रबराला तेल लावून टेकल्यावर पाऊण फेरा, जुनं रबर चिकटून राहिलं नाही ना ते बघायचं. ते म्हणतात लाटांवर ट्रे कोण धरणार. त्यात तथ्य आहे. म्हणून ट्रेला मागून दोन हुक लावून तो इंजिनच्या पायालाच अडकेल असा वाकवायला दिलाय, पत्रेवाल्याकडून आला की बसवून बघतो.