अर्धी काळी, अर्धी चकचकीत

बटवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, क्यूआरटीचा (शीघ्र कृती पथकाचा) सराव चालू होता. साडेदहाच्या सुमारास एक पोरगा पिस्तूल घेऊन माझ्या टेबलापाशी आला. मॅगझिन काढलेलं, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, चेंबर रिकामं. शिस्तीचा पोरगा. म्हणाला, "मेजर, हे अडकतंय. आज तिसऱ्यांदा."

मी स्लाइड पुढे सोडली आणि मागच्या टोकाला अंगठ्यानं दाबली, तर ती उजवीकडून किंचित उचलली गेली. एवढा खेळ नको. "आधी कधी अडकलं होतं?" मी विचारलं. तो गप्प. मग म्हणाला, "मागच्या बटला पण." तेव्हाच का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. हत्यारात बिघाड निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कोणाच्या हातात होतं?" म्हणून पोरं गप्प बसतात. ही सवय आपणच लावली आहे.

मी कोकणातल्या एका जिल्ह्यात पोलीस मुख्यालयाचा आर्मरर आहे, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती माझ्याकडे. माझं निम्मं आयुष्य इशापूरच्या नऊ एमएम वन-ए पिस्तुलांवर गेलं. सगळं पोलाद, हातात भक्कम. पण चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा, त्यामुळे एक दिवस तेलाचा हात चुकला की तांबूस ठिपके. पॉलिमर फ्रेमची पिस्तुलं आली तेव्हा मी मनापासून खूश होतो. फ्रेमला गंज नाही, वजन कमी. ऑस्ट्रियाच्या लष्करानं १९८२ साली ग्लॉक घेतलं तेव्हाही प्लॅस्टिकचं पिस्तूल टिकेल का म्हणून लोक हसत होते. ते टिकलं, आणि अर्ध्या जगाच्या पोलिसांनी घेतलं. आमची पिस्तुलं त्याच पद्धतीची, पण वेगळ्या कंपनीची. कंपनीचं नाव लिहीत नाही.

अशा पिस्तुलात स्लाइड प्लॅस्टिकवर सरकत नाही. फ्रेम ओतताना आत पोलादी पत्रा बसवतात आणि त्याची चार छोटी टोकं वर येतात, दोन पुढे, दोन मागे. त्यांनाच आम्ही रेल म्हणतो. प्रत्येक राउंडला स्लाइड त्या चार टोकांवरून मागे जाते आणि परत येते. रिकॉइल स्प्रिंग थकली की स्लाइड मागे जोरात आदळते आणि मार फ्रेमला बसतो. म्हणून ही स्प्रिंग काही हजार राउंडनंतर बदलायची असते. बाहेरून ती दमलेली दिसत नाही.

पिस्तूल खोललं. मागची उजवी रेल अर्धी गायब होती. मी खिशातली भिंग लावली, टॉर्च तिरका धरला. तुटलेल्या कडेचा आतला भाग चकचकीत, ताजा. बाहेरचा भाग काळा. त्यात दारूची काजळी आणि तेल मुरलेलं. म्हणजे रेल त्या सकाळी तुटली, पण चीर आधीपासून होती. किमान एका साफसफाईतून ती माझ्या हाताखालून गेली. सहामाही तपासणीच्या रजिस्टरला त्या पिस्तुलासमोर "सुस्थितीत" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

त्याच रात्री उरलेली अकरा पिस्तुलं खोलून भिंगाखाली पाहिली. कुठे चीर नाही. तरी झोप लागली नाही.

वॉरंटीचे चार महिने शिल्लक होते. पोलादी फ्रेम असती तर वर्कशॉपला काहीतरी करता आलं असतं. इथे ओतलेला पत्रा तुटला म्हणजे अख्खी फ्रेमच बदलायची. आणि नंबर फ्रेमवर असतो, प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या धातूच्या छोट्या पट्टीवर. नवी फ्रेम नव्या नंबरची आली तर आमच्या रजिस्टरला एक सरकारी पिस्तूल नाहीसं होतं आणि एक अनोळखी पिस्तूल उगवतं. जुना नंबर रजिस्टरमधून कमी करायला, म्हणजे निर्लेखनाला, बोर्ड बसवावं लागतं. वॉरंटीचा करार करणाऱ्या कोणी हा विचार केला होता असं मला वाटत नाही.

कंपनीच्या एजंटाला कळवलं, तर त्याचं उलट पत्र आलं. दोन प्रश्न. गोळी कुठली वापरली, आणि या पिस्तुलातून एकूण किती राउंड झाले?

पहिल्याचं उत्तर सोपं. पुंगळीच्या, म्हणजे गोळीच्या रिकाम्या कवचाच्या, बुडावर केएफ, म्हणजे खडकीचा कारखाना, आणि २झेड, म्हणजे गोळीचा प्रकार. कार्बाइनमध्येही हीच चालते. गोळी कडक, म्हणजे जास्त जोराची, आहे असं म्हणून ते हात झटकणार, हे मला दिसत होतं. पण भारतातल्या पोलिसांना पिस्तूल विकायचं तर ते भारतातल्या पोलिसांची गोळी खाणारं असलंच पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नापाशी मी थांबलो. आमच्याकडे एक पुंगळी कमी भरली तर सगळा बट गुडघ्यावर बसून गवत चाळतो. मिळेपर्यंत गाडी हलत नाही. त्या दिवशी किती राउंड आले, किती झाडले, किती पुंगळ्या जमा, सगळं पै-पैसारखं लिहिलेलं असतं. पण कुठला राउंड कुठल्या पिस्तुलातून गेला याचा रकानाच नाही. आम्ही गोळ्या मोजतो, हत्याराचं वय मोजत नाही. तसा रकाना मागायची कल्पना मलाही इतक्या वर्षांत सुचली नाही.

दोन रात्री जुनी बट रजिस्टरं घेऊन बसलो. कोणाच्या नावावर कुठलं पिस्तूल दिलं, त्या दिवशी माणशी किती राउंड, अशी बेरीज केली. मधल्या काही सरावांत पिस्तुलं आपसात फिरली होती. त्यामुळे आकडा कमीत कमी दोन हजार, जास्तीत जास्त पाच हजारांवर जातो. स्प्रिंग एकदाही बदललेली नाही. सुटी स्प्रिंग करारातच नव्हती. मी मागणी केली होती, एकदा. पुन्हा केली नाही.

आरपीआय (राखीव पोलीस निरीक्षक) साहेबांनी माझ्या उत्तराचा मसुदा वाचला. चांगले आहेत साहेब, जिल्ह्याचं एक पिस्तूल जाऊ नये एवढंच त्यांना वाटतं. म्हणाले, "दोन हजार लिहा. खोटं नाही ना ते?"

खोटं नाही. पण पूर्णही नाही. मी त्यांना म्हटलं, "साहेब, दोन्ही आकडे लिहितो, आणि स्प्रिंगचंही." ते म्हणाले, मग वॉरंटी विसरा.

पिस्तूल सीलबंद पाकिटात, लेबल लावून, कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, वरच्या खणात आहे. अकरा पिस्तुलांसाठी मी दोनशे पानी वही घातली आहे, प्रत्येक नंबरला सोळा पानं. सोमवारी बट आहे. पोरांना सांगून ठेवलंय, हातातलं हत्यार अदलाबदल करायचं नाही, आणि एकदा जरी अडकलं तरी त्याच क्षणी हात वर करायचा, तुमचं नाव कुठेही जाणार नाही. मसुदा टेबलावर आहे. सही अजून केलेली नाही.