कार्बनची फ्रेम किती वर्षं टिकते?

“लाख-दीड लाख घालून कार्बनची सायकल घ्यायची आणि पाच-सहा वर्षांत फ्रेम बाद व्हायची, असं खरंच असतं का?” नवी सायकल घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. कार्बन फ्रेम वयाने जात नाही. ती जाते माराने, जास्त आवळलेल्या बोल्टने आणि तिच्यात बसवलेल्या धातूच्या तुकड्यांमुळे.

वापराने थकणं हे मुख्यतः धातूचं दुखणं. ॲल्युमिनियमवर लहानसा ताणसुद्धा पुरेशा वेळा पडला की वेल्डजवळ बारीक चीर सुरू होते. कार्बनचे धागे इपॉक्सी रेझिनमध्ये (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रव्यात) थरावर थर देऊन बसवलेले असतात आणि पेडल मारताना येणारा ताण त्यांच्या ताकदीच्या मानाने फारच कमी असतो. सायकलींच्या सुरक्षेच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात पेडलच्या चाचणीसाठी १,००० न्यूटन (सुमारे १०० किलोचा भार) किंवा त्याहून जास्त जोर १,००,००० वेळा लावतात. उन्हाची धास्तीही अनाठायी आहे. रंग आणि वरचा पारदर्शक लेप रेझिनपर्यंत ऊन पोचू देत नाहीत. रंगाचा टवका उडालाच, तर तिथे पारदर्शक नेलपॉलिश पुरे.

कार्बन फ्रेमची बदनामी जुन्या घडणीपासूनची आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्याकडे लुक कंपनीची केजी ८६ ही सायकल होती. तिच्या कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या. अशा फ्रेममध्ये नळी सहसा शाबूत राहते, सांधा मात्र सुटतो. कारण कार्बनमधून वीज वाहते. त्याला ॲल्युमिनियम टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हल्ली मध्ये वीज न वाहू देणारा काचतंतूचा थर देतात, पण धोका पूर्ण गेलेला नाही. मुंबई-कोकणची खारी हवा आणि घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) फ्रेमवर ठिबकणारा घाम, दोन्ही त्यासाठी पुरेसे. बाटलीच्या स्क्रूभोवती किंवा बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलांचा आस बसतो त्या जागेच्या) कडेला पांढरी भुकटी दिसली, रंगाला फुगे आले, तर ॲल्युमिनियम खाल्लं जातंय असं समजायचं. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) तीन महिन्यांतून एकदा बाहेर काढून पुसा. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षभर हलवला नाही तर तो आत असा धरू शकतो की काढताना फ्रेमच फुटावी.

सगळ्यात फुकट वाया जातात त्या मात्र बोल्टने फोडलेल्या फ्रेमी. सीटपोस्टच्या क्लॅम्पवर बहुधा ५ न्यूटन मीटर लिहिलेलं असतं. म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकाला जेमतेम ५ किलोचा जोर. मनगट त्याच्या दुप्पट जोर सहज लावतं, म्हणून टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) घ्याच. सायकलच्या किमतीपुढे तो काहीच नाही. सीट खाली सरकते म्हणून आणखी आवळू नका. ग्रीस पुसून कार्बन पेस्ट लावा. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पकड बसते. सीटपोस्ट त्याच्यावरच्या कमाल उंचीच्या खुणेपेक्षा वर काढला, तर सीट ट्यूबच्या (तो जिच्यात बसतो त्या नळीच्या) तोंडाशी तडा ठरलेला. रिपेअर स्टँडवर सायकल टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीला) धरून टांगू नका, सीटपोस्टला धरा. टॉप ट्यूब मधोमध अगदी पातळ असते, आडव्या दाबासाठी बनलेलीच नसते.

माराचं तसंच. पडल्यावर हँडलबार गर्रकन फिरून टॉप ट्यूबवर आपटतो, निसटलेली चेन चेनरिंग (पेडलाजवळचं दातेरी चाक) आणि चेनस्टे (पेडलाकडून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) यांच्या मध्ये अडकते, पावसाळ्यात टायरवरचा चिखल चेनस्टे घासत राहतो. बसच्या टपावर दोरीने करकचून बांधलेल्या सायकलींबद्दल न बोललेलंच बरं. चाक काढून नेत असाल तर ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा आस बसतो त्या खाचांमध्ये) प्लास्टिकचा आडवा स्पेसर घाला.

शंका आली तर आधी नखाने चाचपा. नुसत्या रंगाच्या भेगेत सहसा कड लागत नाही. मग अंगठ्याने दाबा. तिथे मऊ लागलं किंवा किरकिर ऐकू आली तर आतले थर सुटलेत. माठ घेताना टिचकी मारतो तसं नाण्याने हलके ठोकत जा: चांगल्या भागाचा आवाज खणखणीत, सुटलेल्या थराचा बद्द. सांध्याजवळ भिंत जाड असल्याने आवाज आपोआप बदलतो, म्हणून डाव्या चेनस्टेची तुलना उजव्या चेनस्टेच्या त्याच जागेशी करा. भेगेच्या दोन्ही टोकांना मार्करने खूण करून फोटो काढा. भेग खुणेपुढे गेली की सायकल चालवणं थांबवा.

फ्रेमची नळी दुरुस्त होते: खराब भाग उतरता घासून, नवे थर देऊन, दाबाखाली पक्के करतात. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि हँडलबार मात्र दुरुस्तीच्या भानगडीत न पडता बदला, कारण ते उतारावर तुटले तर सावरायला वेळच मिळत नाही. सेकंडहँड सायकल घेतानाही आधी फोर्क बाहेर काढायला सांगा आणि स्टीअररवर (फोर्कच्या वर जाणाऱ्या नळीवर) स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याच्या) कडेने उमटलेली रेघ शोधा. विकणारा फोर्क काढू देत नसेल, तर भाव कितीही उतरवला तरी ती घेऊ नका.