गुप्तधनाच्या कथा आणि गडांवरचे खड्डे

सह्याद्रीतल्या आडवाटेच्या गडांवर पडक्या मंदिराच्या गाभाऱ्यात, तटाच्या पायाशी, कधी वीरगळाच्या, म्हणजे वीराच्या स्मृतिशिळेच्या, मुळाशी खणलेले खड्डे दिसतात, आणि ते कशासाठी खणले गेले हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. गुप्तधनाच्या कथा खऱ्या मानाव्यात का, हा प्रश्न मला या खड्ड्यांमुळेच टाळता येत नाही. आपल्या जमिनीत पुरलेले धन आहे, हे मी मानतो. ते अमुक जागी आहे असे सांगणाऱ्या कथेवर मात्र कोणी कुदळ उचलू नये, असे माझे ठाम मत आहे.

धन पुरण्याला सबळ कारणे होती. लुटारूंच्या टोळ्या, स्वाऱ्या आणि दुष्काळ यांच्या काळात घरातली नाणी मडक्यात किंवा हंड्यात घालून जमिनीखाली ठेवणे हाच अनेकांना सुरक्षित मार्ग वाटे, आणि पुरणारा माणूस परतला नाही तर ते धन तिथेच राही. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे असाच एक साठा मिळाला. त्यात क्षहरात घराण्यातला शक राजा क्षत्रप नहपान याची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरातांचा नायनाट केला, असे नाशिकच्या लेण्यातील त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख सांगतो. या नाण्यांनी त्या दाव्याला हाताळता येईल असा पुरावा दिला. हीच नाणी एखाद्या सोनाराच्या मुशीत वितळली असती, तर चांदीच्या भावापलीकडे कोणाच्या हाती काहीही लागले नसते. 1974 मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबादला एका ग्रामस्थाला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी कांस्यशिल्पे मिळाली. चारही मिळून त्यांचे वजन 60 किलोंहून अधिक भरते.

या दोन्ही साठ्यांचा माग कोणत्याही दंतकथेने दिलेला नव्हता. तोरण्याच्या धनाचा दाखला गुप्तधनाचे समर्थक नेहमी देतात. पण परंपरा सांगते तीसुद्धा गडाची डागडुजी करताना अवचित सापडलेल्या धनाचीच गोष्ट आहे, आणि ते धन राजगडाच्या बांधकामाला लागले असे तीच परंपरा सांगते. उलट, सांगोवांगीवर विसंबून खणल्याचे सर्वांत ठळक उदाहरण उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातील दौंडिया खेडा येथे 2013 मध्ये घडले. एका साधूला 1,000 टन सोन्याचे स्वप्न पडले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने राजा राव रामबक्ष सिंह यांच्या किल्ल्यात उत्खनन केले. तिथे खापरे आणि बांगड्यांचे तुकडे यांसारखे अवशेष मिळाले. सोने मिळाले नाही.

पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला जमिनीतले धन दिसते, धनावर नाग राखण करतो, मांडुळामुळे जागा कळते, या समजुती अनेकांना निरुपद्रवी वाटतात. मला त्या तशा वाटत नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे 1972 ते 1974 या काळात स्त्रिया आणि लहान मुलींचे जे खून झाले, त्यांच्यामागे गुप्तधनाची लालसा असल्याचे तपासात पुढे आले. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनासाठी होणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, तो उगीच नाही. मांडूळ हा बिनविषारी साप तर याच समजुतीपायी पोत्यात कोंबून विकला जातो.

दगडांचीही तीच गत होते. गधेगाळ म्हणजे खरे पाहता दानपत्राचा शिलालेख: वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा मजकूर आणि खाली ते दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. त्या लेखाचे शब्द न वाचता त्याच्याखाली हंडा असेल म्हणून तो उपटणारा माणूस एखाद्या गावाचा शेकडो वर्षांपूर्वीचा दस्तऐवज नष्ट करतो, आणि तो पुन्हा लिहून मिळत नाही. याची मला मनापासून चीड येते.

नांगराला खरोखरच हंडा लागला, तर काय करायचे हे 1878 च्या भारतीय निखात निधी (म्हणजे पुरलेला ठेवा) अधिनियमाने सांगितलेले आहे. 10 रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. मूळ मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारने तो ठेवा स्वतःकडे घेतला, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. जो लपवतो, त्याचा वाटा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. ही माहिती ग्रामपंचायतींनी चावडीवर ठळक अक्षरांत लावावी, आणि गडावर नव्याने खणलेला खड्डा दिसल्यास दुर्गभटक्यांनी त्याचे छायाचित्र काढून पुरातत्त्व विभागाला व जवळच्या पोलीस ठाण्याला त्याच दिवशी कळवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.