दोन टॉवेल, एक फॅन

गोव्यात पाऊस सुरू झाला की कपडे कसे सुकवायचे यावर घरातल्या प्रत्येकाला मत असतं. आमच्या फोंड्याच्या घरात आई म्हणते खिडक्या उघड्या ठेवा, वारा लागू दे. बाबा म्हणतात बाहेरची दमट हवा कशाला आत घेता. आणि वहिनीचा सगळा विश्वास साबणावर, नवी पावडर आणल्यापासून कपडे लवकर सुकतात म्हणे. आता त्याच आठवड्यात फॅन पाचवर गेला होता आणि मध्येच कडक ऊनही पडलं होतं, तरी श्रेय पावडरीला!

भाची नववीत, तिला सायन्समध्ये व्हेरिएबल, म्हणजे प्रयोगात बदलणाऱ्या गोष्टी, आलेत, ती म्हणाली आत्या, आपण फक्त फॅन बदलून बघूया. आपण मुद्दाम बदलतो ते इंडिपेंडंट, म्हणजे फॅनचा स्पीड, आणि त्यामुळे काय फरक पडला ते बघायचं ते डिपेंडंट, म्हणजे सुकायला लागलेला वेळ. ऐकायला सोपं आहे, पण सुकला म्हणजे नक्की काय? आई कपडा गालाला लावून ठरवते, बाबांना दमट असला तरी चालतो. शेवटी भाचीने किचनमधला वजनकाटा काढला, धुण्याआधी टॉवेलचं वजन जेवढं होतं तेवढं परत झालं की सुकला, वाद संपला.

खरी डोकेदुखी हवेची. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि हवेतला दमटपणा सकाळी एक तर दुपारी दुसराच, त्यामुळे आज फॅन लावून सुकवलेला टॉवेल आणि काल फॅनशिवाय सुकवलेला टॉवेल यांची तुलना करून काही कळत नाही. हवा तर आपल्या हातात नाही, मग करायचं काय? दोन सारखे टॉवेल एकाच वेळी टाकायचे, एक फॅनखाली आणि एक फॅन नसलेल्या शेजारच्या खोलीत. मग पाऊस पडो की ऊन, दोघांनाही तेच मिळतं (आणि दुसऱ्यांदा खोल्यांची अदलाबदल, कारण एक खोली मुळातच दमट असू शकते).

१७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने जहाजावर हेच केलं होतं. स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार) झालेले १२ खलाशी घेतले, सगळ्यांना ठेवलं एकाच जागी, जेवण एकच, आणि दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला संत्री-लिंबं. संत्री-लिंबंवाले दोघे सगळ्यांत आधी सुधारले. एकेक उपाय वेगवेगळ्या महिन्यांत करून बघितला असता तर ते फळांमुळे की आणखी कशामुळे हे कुणाला सांगता आलं असतं?

आणि गंमत म्हणजे डिपेंडंट हा काही कुणाला कायमचा चिकटलेला शिक्का नाही. फॅनच्या प्रयोगात सुकायचा वेळ डिपेंडंट, पण टॉवेलला तो कुबट वास कशाने येतो हे शोधायला बसलो तर मुद्दाम कमीजास्त वेळ ओले ठेवून बघायचं, म्हणजे तोच वेळ आता इंडिपेंडंट आणि वास डिपेंडंट. कपडा जितका जास्त वेळ ओला तितकी त्यातल्या जंतूंची चंगळ. वास मोजायला मात्र वजनकाटा नाही, तिथे आईचं नाकच.

वहिनीने अजून हार मानलेली नाही. म्हणते एक टॉवेल जुन्या पावडरीत आणि एक नव्या पावडरीत भिजवू, बाकी सगळं सारखं ठेवू. मुद्दा बरोबर आहे तिचा, पण त्याला दोन मोकळ्या बादल्या लागतात आणि आमच्या सगळ्या बादल्या सध्या कौलांच्या गळतीखाली आहेत.